गोलातली फुली

सरांनी तिसरी उत्तरपत्रिका उघडली, पाचव्या प्रश्नापाशी आले आणि बाजूला ठेवलेल्या पहिल्या दोन पुन्हा पुढ्यात ओढल्या. तिन्हींत हृदयाची आकृती होती आणि तिन्हींत बाण उलटे होते. डाव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसाकडे निघालं होतं आणि उजव्या कप्प्यातलं सरळ अंगभर. चुकायचं झालं तरी पोरं आपापल्या परीनं चुकतात, हा सरांचा अकरा वर्षांचा अनुभव. इथे तिघंही एकाच वळणावर एकाच खड्ड्यात पडली होती.

शिवाय प्रत्येक आकृतीत, उजव्या कप्प्याच्या खाली, कंपासनं काढलेलं एक लहानसं वर्तुळ होतं. वर्तुळात फुली. फुलीपासून पट्टीनं रेघ ओढून तिला रीतसर नाव दिलं होतं, ‘तपासणी. येथे रक्त तपासून पुढे सोडले जाते.’

सरांना हसू आवरेना. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे उत्तरपत्रिका सरकवली.

“बाई, हे बघा. रक्ताला तपासणी नाका.”

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “अगं बाई! पावतीपण फाडतात का तिथे?”

उत्तरपत्रिका हातोहात दालनभर फिरून आली. दिवसभर माना खाली घालून बसलेली माणसं, त्यांनाही जरा विरंगुळा झाला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे पेपर तपासायला चाळीस टेबलं मांडली होती, त्यातली बावीस रिकामी. मागच्या वर्षीचं मानधनच अजून आलं नव्हतं, मग कायम नोकरीवाले कशाला फिरकतात? आले होते ते सरांसारखे तासिकेवरचे, म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात हलवत घरी. त्यांना एका उत्तरपत्रिकेमागे अर्धा पेला चहापुरते का होईना, पैसे मिळत होते आणि ते सोडवत नव्हते.

“कुठल्या शाळेचे हो हे दिवे?” मागून कुणीतरी विचारलं.

गठ्ठ्यावर शाळेचं नाव नव्हतं. नसतंच, नुसता आकडा असतो.

“कोण शिकवतं यांना, ते विचारा,” बाई म्हणाल्या.

“शिकवतोय कोण?” सर म्हणाले. “पाट्या टाकून पगार घेत असेल कुणीतरी. शिकवलं असतं तर हे दिवस आले असते का?”

बोलताना त्यांना बरं वाटलं. आपल्याहून वाईट शिकवणारा कुणीतरी या जगात आहे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

मग त्यांनी गठ्ठा सरसर चाळला. अडतीसच्या अडतीस उत्तरपत्रिकांत तेच उलटे बाण आणि तीच गोलातली फुली. काहींनी तर ती लाल पेन्सिलीनं रंगवलीही होती.

“सामूहिक कॉपी आहे ही,” बाई हळूच म्हणाल्या. “फॉर्म भरा आणि मोकळे व्हा. गठ्ठा पूर्ण धरतात मानधनात. वाचायचीही गरज नाही.”

सरांना ते ठाऊक होतं. खरं तर तिसऱ्या उत्तरपत्रिकेपासूनच ते त्यांच्या मनात घोळत होतं. अडतीस उत्तरपत्रिका वाचायच्या म्हणजे दुपार गेली, आणि पाचला त्यांना दुसरीकडे पोचायचं होतं. चालून आलेली सुटका कोण नाकारतं?

तरी फॉर्म भरण्याआधी हाताशी एखादा पक्का पुरावा असावा म्हणून त्यांनी पुन्हा पानं उलटली आणि सत्तावीस नंबरवर त्यांचं बोट थांबलं. या मुलीनं, अक्षर मुलीचंच वाटत होतं, आधी आकृती अगदी बरोबर काढली होती. बाण बरोबर, कप्पे बरोबर, नावं बरोबर. फुलीबिली काही नाही. मग त्या सगळ्या आकृतीवरून तिनं एक तिरकी रेघ मारली होती, आणि खाली नव्यानं तीच उलट्या बाणांची, गोलातल्या फुलीची आकृती काढली होती. वर्तुळ सगळ्यांत नेटकं तिचं होतं.

“सापडला चोर,” सर म्हणाले.

नियामक या वर्षी निवृत्त होणार होते. तपासणाऱ्यांवर देखरेख ठेवायची आणि कागदांवर सह्या करायच्या, एवढंच काम आता त्यांच्याकडे उरलं होतं. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला.

“खात्री आहे ना? अडतीस जणांचं वर्ष आहे.”

“साहेब, हा सत्तावीस नंबर बघा. हिला बरोबर येत होतं. शेजारच्याचं बघितलं आणि आपलं खोडलं. याहून काय पुरावा पाहिजे?”

नियामकांनी ती तिरकी रेघ बराच वेळ पाहिली. “निकाल राखून ठेवतील. चौकशीला वर्ष तर सहज जातं. तोवर निम्मी पोरं कुठे कुठे कामाला लागलेली असतात.” त्यांनी पेन उघडलं. “कुणाची तरी पोरं असतील हो.”

“असतील,” सर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

सही झाली. गठ्ठा एका पुठ्ठ्याच्या खोक्यात गेला, खोक्याला सुतळी बांधली गेली, गाठीवर लाख वितळवून शिक्का बसला. अशी खोकी आजच्या आज मुख्य कचेरीला रवाना करायची असतात. शिपायानं ते उचलून नेलं तेव्हा सर हात धूत होते.

पाचला पाच मिनिटं कमी असताना ते गोदामात पोचले. गावातून बाहेर जाणारं सगळं पार्सल याच पत्र्याच्या छपराखालून जायचं. सरांनी शर्ट काढून खुंटीला टांगला, गोदामाचा निळा सदरा अंगात घातला आणि खिशात खडू टाकला. सकाळीही खडू, संध्याकाळीही खडू. त्यावरून मुकादम त्यांची रोज फिरकी घेत असे.

“या मास्तर. आज किती गाढवांचे घोडे केले?”

“अडतीस,” सर म्हणाले. “पण उलटे.”

मुकादम मोठ्यानं हसला. मनानं चांगला माणूस. सरांना गोदामात घेताना त्यानं कुठल्याच कागदावर त्यांचं खरं नाव लावलं नव्हतं. शाळेच्या करारात कलम होतं, दुसरी नोकरी करताना आढळल्यास नेमणूक रद्द. अकरा वर्षं दरवर्षी नवा करार व्हायचा आणि ते कलम दरवर्षी त्यात असायचं. आता कुठे कायम करण्याची फाइल वर सरकली होती. पुढच्या महिन्यात सही होईल, असं कारकुनानं सांगितलं होतं.

काम बिनडोक होतं, म्हणूनच ते जमायचं. खोकं काट्यावर चढवायचं, वजन बघायचं, पत्ता आणि शिक्का बघायचा, सगळं ठीक असलं की खडूनं खूण करायची. खूण असली तरच खोकं ट्रकमध्ये चढतं, नसली तर बाजूला पडून राहतं. तासाला शंभरेक खोकी सहज व्हायची. हात चालत राहायचा, डोकं कुठेही असायचं. बहुतेक वेळा मुलीच्या शाळेत. तिला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं होतं, जिथे फी जबर होती आणि जिथले शिक्षक रात्री झोपलेले असत. आपण शिकवतो त्या शाळेत आपली मुलगी घालावी, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

“मास्तर, तुमचं खातं आलं बघा,” मुकादम म्हणाला.

लाखेचा शिक्का असलेलं खोकं काट्यावर होतं. सरांनी वजन पाहिलं, पत्ता पाहिला, शिक्का शाबूत होता. हातानं त्यावर खूण केली आणि हात पुढच्या खोक्याकडे वळला.

तो तिथेच थांबला.

खोक्यावर एक गोल होता. घाईघाईत काढलेला, एका बाजूला चेपलेला. गोलात फुली.

सरांनी खडूकडे पाहिलं, मग पुन्हा खोक्याकडे. ही खूण त्यांनी गेल्या चार वर्षांत किती लाख वेळा केली असेल, आणि आज पहिल्यांदा पाहिली.

पाठोपाठ तो दिवसही आठवला. गर्दीचा हंगाम होता. संध्याकाळची पाळी आणि तिला जोडून रात्रीची, गोदामातून निघाले ते थेट पहिल्या तासाला. फळ्यावर हृदय काढलं होतं. डोळ्यांवर झापड होती, बाण कुठे ओढतो आहोत याची शुद्ध नव्हती. आकृती पुरी झाली आणि हातानं, काम संपल्यावर जे करायची सवय होती ते केलं. मागून कुणीतरी विचारलं, “सर, ती फुली कसली?” आणि सर टेबलाला टेकून, डोळे मिटून म्हणाले होते, “तपासलं. पुढे जाऊ द्या.”

अडतीस पेनं वह्यांवर चाललेली त्यांनी ऐकली होती. त्या आवाजानं तर अधिकच गुंगी आली होती.

त्या वह्या त्यांनी नंतर पाहिल्याच नाहीत. वह्या तपासायचे पैसे नव्हते. एकट्याकडे पाच वर्ग, कुणाचं अक्षर कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याच शाळेचा गठ्ठा आपल्याकडे येऊ नये, असा नियम होता खरा, पण बावीस टेबलं रिकामी असताना तो पाळणार कोण?

आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती. एकटीच. हातात पुस्तक उघडं.

“सर, पुस्तकात बाण उलटे आहेत.”

“मग पुस्तकालाच विचारत जा,” सर वैतागून म्हणाले होते. “तुझा विश्वास कुणावर, माझ्यावर का पुस्तकावर?”

ती जराशी गोंधळली. मग पुस्तक मिटलं.

“तुमच्यावर, सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

सर काट्याच्या कडेवर टेकले. परीक्षेच्या दालनात त्या मुलीनं आधी पुस्तकातली आकृती काढली असेल. मग तिला सर आठवले असतील. मग तिनं पट्टी न घेता, एका दमात ती तिरकी रेघ मारली असेल. सापडला चोर, असं ते म्हणाले होते, मोठ्यानं, सगळ्या दालनासमोर.

त्यांनी तळहातानं खोक्यावरची खूण पुसली. खडूची भुकटी तळव्याला लागली. खोकं उचलून त्यांनी बाजूच्या फळीवर ठेवलं. आता ते ट्रकमध्ये चढणार नव्हतं. सकाळी दालन उघडायच्या आत नियामकांना गाठायचं, सांगायचं, साहेब, ही माझीच पोरं आहेत, यांनी कॉपी केली नाही, यांनी मन लावून ऐकलं. नियामक ऐकून घेतील. मग कागद पुढे सरकवतील आणि म्हणतील, लिहून द्या. ही खूण फळ्यावर कुठून आली, तेही लिहा.

“हे का राहिलं?” मुकादम मागे येऊन उभा होता.

“तपासायचं आहे.”

“शिक्का फुटलाय?”

“नाही.”

“वजनात फरक?”

“नाही.”

मुकादमानं वही काढली. “मग कारण काय लिहू? सरकारी खोकं आहे, मास्तर. थांबवलं तर उद्या विचारायला येतील. कुणी थांबवलं, कशासाठी. तुमचं नाव द्यावं लागेल मला. खरं नाव.” तो सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा आवाज उतरला. “काही भानगड आहे का त्यात?”

बाहेर ट्रक सुरू झाला. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. सरांना आपल्या मुलीची शाळा दिसली, कारकुनाच्या टेबलावरची फाइल दिसली, आणि ती मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून बसलेली मुलगीही दिसली. तिचं नाव काही केल्या आठवेना. हजेरी ते रोज घेत होते, पण मान वर न करता.

“मास्तर, काय ते बोला लवकर.”

“भानगड काही नाही,” सर म्हणाले.

त्यांनी खिशातून खडू काढला, खोकं जवळ ओढलं आणि खाली वाकले. या वेळी हात घाईत नव्हता. गोल त्यांनी सावकाश पुरा केला, कुठेही न चेपता, मग त्यात फुली काढली, दोन्ही रेघा सारख्या. सत्तावीस नंबरनं काढली होती तशी.

“तपासलं?” मुकादमानं विचारलं.

“तपासलं,” सर म्हणाले. “जाऊ द्या.”