सात समुद्रांचं तीर्थ आणि नत्थुजींची जीप

शुक्रवारी सकाळी आठ वाजता फाट्यावर जेवढी गर्दी जमली होती, तेवढी ग्रामसभेला कधीच जमत नाही. ग्रामसभेत नळ, नाली असले रुक्ष विषय असतात. इथे नत्थुजींच्या जीपमध्ये बाई शिरली होती.

बाई म्हणजे चार वर्षांपूर्वी याच वळणावर ट्रकखाली गेलेली. तिचं नाव कोणाला सांगता येत नव्हतं, पण ती किंचाळते कशी हे पोरांनाही पाठ होतं. जीप सुरू केली की बॉनेटखालून कर्कश आवाज निघे. दोन महिने झाले, हे चाललं होतं. मग डॅशबोर्डवर एक लाल दिवा पेटला आणि विझेना. तो बाईचा डोळा ठरला. हेडलाइट मंद झाले. बाई उजेड पिते, असं निदान झालं. आज तर जीपने जळक्या रबराचा धूर सोडला, एक शेवटची किंकाळी मारली आणि ती जागेवर थांबली.

ही सारी निदानं खुशालराव ऊर्फ गाडीवाले महाराजांची. पूर्वी ते माणसांची भुतं काढत. त्या धंद्यात गर्दी फार झाली, म्हणून वाहनांकडे वळले.

"बाईनं आज गाडी धरली!" महाराज लिंबू नाचवत ओरडले. "म्या काय सांगतलं होतं? अमावस्येपर्यंत गाडी हालवाची नाही! आता जो कोनी या घरच्या मानसाले आपल्या गाडीत बसवीन, त्याच्या गाडीत बाई उडी मारीन!"

हे ऐकून मागे उभ्या असलेल्या, अमरावतीला प्रवासी नेणाऱ्या श्यामने आपली व्हॅन चार पावलं आणखी मागे घेतली.

गर्दीच्या कडेला, श्यामच्याच व्हॅनने अमरावतीला जायला निघालेली रश्मी उभी होती. मोतीराम मास्तरांची मुलगी, अमरावतीच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवणारी. दोन दिवस माहेरी आली होती. भुतांशी तिचं काही वाकडं नव्हतं. पण जीपच्या मागच्या सीटवर नत्थुजींची बायको जमुनाकाकू बसल्या होत्या, त्यांच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं. पाय असे सुजले होते, की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"काकू, अमरावतीले डायलिसिसले निघाल्या ना?"

"निघाली म्हनाले निघाली," जमुनाकाकू धापा टाकत म्हणाल्या. "मंगळवारची पाळी गेली. महाराज म्हने, गाडी हालवू नका. आज दहाचा नंबर हाय. एसटी सातलेच गेली. आता श्याम बसवत नाही."

"माह्या लेकराबाळाच्या पोटाची गाडी हाय, काकू," श्याम लांबूनच म्हणाला. "राग नका मानू."

दोन पाळ्या चुकल्या तर काय होतं, हे रश्मीला माहीत होतं. पाणी फुप्फुसात चढतं. त्याला लिंबू चालत नाही. तिने ओढणी कमरेला खोचली.

"नत्थुकाका, पाना काढा."

"अन् बाई अंगावर आली तं?"

"आली तं तिलेई पाना धराले लावू."

महाराज आडवे आले. "मॅडम, हे काम पुस्तकाचं नाही. दोन महिने मी बाईले दाबून ठेवलं. इंजन बंद कराले लावतो, शाल झाकतो, विभूतीची वडी फिरवतो. पुन्हा सुरू केलं का बाई चूप! अख्ख्या गावानं पाह्यलं का नाही?"

"पाह्यलं ना!" गर्दी म्हणाली. ते खरंच होतं. वडी फिरवली की दोन-तीन दिवस आवाज बंद व्हायचा.

"मंग आज काहून नाही फिरवली?"

"आज बाई लय तापली."

"बाई नाही, पुली तापली," रश्मी म्हणाली आणि तिने बॉनेट उघडलं.

आतला पट्टा अर्धा फाटला होता, त्याचे दोरे लोंबत होते. रश्मीने तो काढला, उरलेला तुकडा नत्थुजींच्या हातात दिला आणि पाण्याच्या पंपाची पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, बोटाने फिरवली. ती गरकन फिरली.

"आता ही बाजूची फिरवा, काका."

नत्थुजींनी एका हाताने जोर लावला, मग दोन्ही हातांनी. पुली हलेना.

"हा अल्टरनेटर. गॅरेजवाले याले डायनामो म्हनते. बॅटरी चार्ज करते. बॅटरी चार्ज होत नसली का लाल दिवा लागते, लाइट मंद होते. याचं बेअरिंग आतून जाम झालं. इंजन पट्ट्याले ओढते, हा फिरत नाही. पट्टा घासते, किंचाळते, जळते अन् तुटते."

"पन जाम कायनं झालं?" नत्थुजींनी विचारलं.

रश्मीने अल्टरनेटरवरून बोट फिरवलं. गंजाच्या वर पांढरा थर जमला होता. "महाराज यावर काय ओतत होते?"

"सात समुद्रांचं तीर्थ, दर शनिवारी!" तीन-चार जण एकदम म्हणाले. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत समुद्र कुठे लागतो, हे विचारायचं आजवर कोणाला सुचलं नव्हतं.

"इंजनाचं काळीज हाय थे," महाराज म्हणाले. "काळजावरच टाका लागते."

"खारट हाय," मागून जमुनाकाकूंचा आवाज आला. "मलेई दोन पळ्या पाजलं. मी म्हनलं, महाराज, हे खारट लागते. तं म्हने, बाधेची चव हाय."

रश्मी जीपपासून सरळ महाराजांकडे वळली. मग तिने आपले ग्रीसने माखलेले हात महाराजांपुढे धरले.

"मले बाधा झाली, महाराज. वडी द्या."

गर्दी पाहत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी पिशवीतून वडी काढून दिली. रश्मीने कोणाकडून तरी पाण्याची बाटली घेतली आणि वडी तळहातावर चोळली. पांढराशुभ्र फेस आला, मनगटावरून गळू लागला. दोन मिनिटांत तिचे हात लख्ख झाले. वर लिंबाचा वासही सुटला.

"कपड्याचा साबन हाय, व माय!" गर्दीतल्या पार्बताबाई किंचाळल्या. त्यांच्या अंगात मात्र कोणी शिरलं नव्हतं.

"कोरड्या पट्ट्याले साबन लावला का आवाज दोन दिवस बंद होते," रश्मी म्हणाली. "पट्टा मंग आनखीच घसरते. सुरुवातीले नुसता पट्टा ढिला असंन, काका. आवळला असता तं काम झालं असतं. यानं साबन लावला, अन् वरून मिठाचं पानी ओतून डायनामोई खाल्ला."

महाराज आपल्या मोटरसायकलीकडे सरकले. श्याम वाकून पाहू लागला.

"महाराज, तुमच्या गाडीले लिंबू नाही, मिरची नाही. हे सर्व्हिसिंगचं स्टिकर कायचं हाय? मागच्या सोमवारचं दिसते."

महाराजांनी पिशवी सावरत गाडीवर टांग टाकली. त्यांची गाडी मात्र पहिल्याच किकमध्ये सुरू झाली.

"जीप आज जात नाही," रश्मीने पाना पुसला. "डायनामो बदला लागते, पट्टा नवा लागते. श्यामभाऊ, काय इचार हाय?"

श्यामने स्वतःच्या बॉनेटखाली बांधलेला काळा गंडा हिसकून तोडला, नालीत फेकला आणि व्हॅन पुढे आणली. नत्थुजींनी बायकोला उचलून आत बसवलं आणि ते शेजारी बसले. त्यांच्या हातात अजून तो पट्ट्याचा तुकडा होता.

यंत्र ओरडतं, तापतं, वास सोडतं. त्याला तेवढंच बोलता येतं. माणसाचे पाय सुजतात, श्वास अडकतो. तेही शरीराचं बोलणंच. पहिलं मेकॅनिकला ऐकवा, दुसरं डॉक्टरला, आणि दोघांच्या मध्ये शाल पांघरून जो उभा राहील, त्याला आधी पिशवी उघडून दाखवायला सांगा. यासाठी आयटीआय लागत नाही, दोन डोळे पुरतात.

व्हॅन सुटली तेव्हा साडेआठ झाले होते. खिडकीतून जमुनाकाकूंनी उभ्या जीपकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"डॉक्टरनं मले मीठ बंद केलं," त्या म्हणाल्या, "अन् तुमी गाडीलेई चारलं, मलेई चारलं. गाडी मेली. मी वाचली तं संध्याकाळी बोलू."