गिझरच्या नाकातलं बूच

मित्रांनो, या घराच्या न्हाणीघरात शिरलात की डोक्याच्या वर, खिडकीशेजारी, पोटाखालचा रंग उडालेला एक पांढरा गिझर दिसायचा. तो मी. 'दिसायचा' म्हणतो, कारण आता मी बाहेर गॅलरीत आडवा पडलो आहे आणि भंगारवाला कधीही येईल. म्हणून माझी गोष्ट जरा घाईनेच सांगतो. तसाही मी स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. ज्याच्या पोटात रोज पाणी उकळायला बघतं, त्याला कुठला आलाय निवांतपणा?

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवून माझी टाकी झाली, आत पाणी तापवणारी कांडी बसली आणि ऊब टिकावी म्हणून भोवती जाड अस्तर घातलं गेलं. मग मला राखणदार मिळाले. पहिला थर्मोस्टॅट. पाणी हवं तेवढं तापलं की तो वीज तोडतो. तो चुकलाच तर दुसरा आहे, कटआउट. तो एकदा वीज तोडून बसला की त्याचं लाल बटण कुणी दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही. शिवाय खालच्या बाजूला एक बारीक नळी. पोटात दाब वाढला की जास्तीचं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. तिला मी माझं नाक म्हणतो.

या घरात भाऊ, त्यांची बायको म्हणजे सूनबाई आणि भाऊंचे वडील, आजोबा, अशी तीन माणसं. भाऊ चष्म्याच्या दुकानात कामाला. बारीक स्क्रू फिरवून फिरवून त्यांचा हात इतका बसला होता की घरातली कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मिक्सर, घड्याळ, दाराची बेल, सगळ्यांची पोटं त्यांनी पाहिली होती. सूनबाई त्यांना 'घरचे डॉक्टर' म्हणून चिडवायच्या.

आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. रोज कोमट पाण्याने अंघोळ घाला आणि उजव्या हाताची बोटं पाण्यात हलवून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं स्टूल बरोबर माझ्या खाली असे. भाऊ त्यांना त्यावर बसवायचे आणि एकेक बोट उघडून पाण्यात फिरवायचे. ती बोटं थोडी जरी वळली तरी मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

पण मी म्हातारा होत चाललो होतो. थर्मोस्टॅट अधूनमधून वीज तोडायला विसरू लागला. पाणी जास्त तापायचं आणि माझं नाक गळायचं. ते गरम थेंब नेमके आजोबांच्या मानेवर पडायचे आणि ते दचकायचे. भाऊंना ते बघवेना. त्यांनी दुकानातून रबराचा तुकडा आणला, कोरून त्याचं बूच केलं, नळीत ठोकलं आणि वरून तारेने आवळलं. गळती थांबली. सगळ्यांनी भाऊंचं कौतुक केलं आणि माझा मात्र जीव घुसमटू लागला.

एका सकाळी थर्मोस्टॅटने अंगच टाकलं. पाणी तापतच गेलं, बाहेर पडायला वाट नाही. शेवटी कटआउटने वीज तोडली आणि मी बंद पडलो.

मग सुरू झाली शोधाशोध. भाऊंनी फ्यूज बदलला, प्लग पालटला, बटणाला टेस्टर लावून पाहिला. तोवर सूनबाई स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पातेली वाहत होत्या. मी वरून मनातल्या मनात ओरडत होतो, अहो, खाली बघा, नाकात बघा. शेवटी भाऊंनी झाकण उघडलं, लाल बटण सापडलं, दाबलं आणि मी सुरू झालो. आजोबा अर्ध्या तोंडाने हसले. इतकी वाहवा माझ्या वाट्याला कधी आली नव्हती आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बंद. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बंद. भाऊ वैतागले. हे बटणच खराब आहे, त्याची कटकटच नको, असं म्हणत त्यांनी कटआउट बाजूला काढला आणि वायर थेट जोडून टाकली. माझा शेवटचा राखणदार गेला. खाली स्टुलावर आजोबा खांद्यावर टॉवेल घेऊन बसलेले. भाऊंचा हात भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे गेला.

सूनबाईंनी तो हात धरला.

"अहो, थांबा जरा. हा गळत होता तोवर नीट चालत होता. तुम्ही बूच मारलंत आणि त्यानंतरच हा बंद पडायला लागला."

"त्याचा काय संबंध?" भाऊ म्हणाले.

"कुकरची शिट्टी फुसफुसते म्हणून आपण तिला बूच मारतो का?"

भाऊंनी नळीकडे पाहिलं, मग खाली वडिलांकडे पाहिलं. तेवढ्यात आजोबा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आधी... मला... इथून... उठव."

भाऊंनी त्यांना अक्षरशः उचलून बाहेर नेलं. परत येऊन त्यांनी प्लग काढून ठेवला आणि मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिकने माझ्या पोटावरून हात फिरवला. टाकी फुगली होती, जोडाला चीर गेली होती. बूच कुणी मारलं, असं त्याने विचारलं. "मीच," भाऊ म्हणाले. मग दुरुस्तीचं कुणी नावच काढलं नाही. मला भिंतीवरून उतरवलं.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, वेळेवर तपासून घ्या, हे तर खरंच. पण एखादी वस्तू थांबली तर तिला लगेच चालू करायची घाई करू नका. ती का थांबली, एवढं आधी विचारा. मी या घरासाठी वर्षानुवर्षं पाणी तापवलं. पण त्या तीन माणसांसाठी मी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बंद पडणं, आणि नेमक्या त्याच कामासाठी मी बोलणी खाल्ली.

आत नव्या गिझरखाली भाऊ आजोबांची बोटं मोजून घेत आहेत. आज पाचही वळली.