हरभऱ्याएवढा चेहरा

चाळीस वर्षं मी चवथीचे गणपती करतो. अशा माणसाला त्याच्याच मुलानं माती निवडायला शिकवावी, याचा मला आधी रागच आला.

टेबलावर दोन पुट्ट्या होत्या. एक मी डिचोलीच्या बाजारातून आणलेली, नळाची गळती बुजवायची. दुसरी गौरेशनं फोनवरून मागवलेली, पिवळी आणि निळी पट्टी. दोन्ही रंग सारखे घेऊन एकत्र मळले की हिरवी होणारी.

"बाबा, तुझी धा मिनटांत फातर जाता," तो म्हणाला. "ही दोन तास मऊ रावता. नाक-डोळे करूक वेळ मेळटा."

"मातयेक घड्याळ कित्याक रे?" मी म्हटलं. पण घेतली त्याचीच.

गौरेश तीस वर्षांचा. त्याचं रक्तच आजारी पडलं होतं आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. उशीला टेकून बसल्या बसल्या त्यानं लाकडाच्या पट्ट्यांची आमच्या बार्जची छोटी प्रतिकृती केली. चवथीचे महिने सोडले तर मी नदीतून खनिज नेणाऱ्या त्या सपाट बोटीवर, त्या बार्जवर, खलाशी होतो, आणि प्रभावती, माझी बायको, गौरेशला कडेवर घेऊन धक्क्यावर डबा आणायची. तो बारा वर्षांचा असताना ती गेली. आता बार्ज झाली होती, धक्का झाला होता. धक्क्यावर त्याला आई हवी होती, आणि ती मी करायची होती. सगळं पुरं झालेलं त्याला एकदा बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

दुपारी मी सगळी पुट्टी एकदम मळली आणि कामाला लागलो. बोटाएवढी प्रभावती उभी राहिली. पदर खोचलेला, हातात डबा, चेहऱ्याच्या जागी हरभऱ्याएवढा गोळा. तोवर हात थकला आणि गौरेशला झोप लागली. थकल्या हातानं आम्ही मूर्तीचे डोळे उघडत नाही. चेहरा उद्या सकाळी, गौरेशला समोर बसवून करू, असं ठरवलं. मग मूर्ती आणि उरलेली पुट्टी ओल्या फडक्यात गुंडाळली, नेहमी गुंडाळतो तशी.

सकाळी फडक्यात दगड होते.

गौरेश खोकला येईपर्यंत हसला. "बाबा, ही चिकणमाती न्हय. एकदा मळली की ओल्या फडक्यातय फातर जाता. सगळीच मळलीस?"

"अर्धी माती कोण मळता?" मी ओरडलो. राग माझा माझ्यावरच होता.

त्यानं पुन्हा मागवली. आठ दिवस लागणार होते. मी बाजारची पुट्टी लावून बघितली. नाक उठायच्या आत ती घट्ट झाली. तीनदा खरवडून काढली.

"राव रे बाबा," तो म्हणाला. "बरी येतली, तेन्ना कर."

मी थांबलो. कुरियरवाल्याला रोज फोन करून शिव्या घातल्या. सहाव्या दिवशी, सकाळची पेज तशीच ठेवून, गौरेश गेला. शेजारी फळीवर त्याची आई बिनचेहऱ्याची उभी होती. एवढं एकच काम होतं, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या सवयीनं ते मी घालवलं.

दोन दिवसांनी पार्सल आलं. माझी बहीण कमलाक्षी म्हणाली, "दादा, आता कोणाखातीर?" मी कपाटातून लग्नाचा फोटो काढला. त्यात एकोणीस वर्षांची घाबरलेली मुलगी खाली मान घालून बसली होती. डबा घेऊन येणारी बाई ती नव्हे.

या वेळी चिमूटभरच मळली. डोळे मिटून प्रभावतीला आठवू लागलो, तर गौरेश दिसला. पुन्हा मिटले, पुन्हा गौरेशच. तेव्हा मला कळलं. तिचे डोळे, तिची हनुवटी, बोलताना वर जाणारी ती भुवई, अठरा वर्षं मी सगळं त्याच्याच तोंडावर बघत आलो होतो. म्हणून तर त्याला समोर बसवायचं होतं.

बरं, तर मग गौरेशचाच चेहरा करू म्हटलं. पण दिसत होता तो शेवटच्या दिवसांतला, गाल बसलेला, ओठ सुकलेला. तो मी तिला कसा लावू?

पुट्टी खरंच दोन तास मऊ राहिली. ती घट्ट होईपर्यंत मी तशीच बोटांत धरून बसलो होतो.