चौदा ओट्यांवर बर्फ

ओटे चौदा, कोळणी चौदा, नळ एक, मांजरं पाच. बर्फाच्या लाद्या सहा, पण सगळ्या ओट्यांखाली, गोणपाटात गुंडाळलेल्या. वर नुसती मासळी.

समराने सुरमईच्या पोटात थर्मामीटरची सुई खुपसली. एकोणीस अंश. नियम पाचाच्या आतला. अन्नतपासणीच्या कार्यालयात ती नुकतीच लागली होती आणि दिवाळे गावचा हा मासळीबाजार तिच्या एकटीवर सोपवलेलं पहिलंच काम.

"मावशी, बर्फ आहे ना तुमच्याकडे? मग मासळीवर का नाही?"

ओट्यामागच्या पुतळाने कोयता खाली ठेवला. "अगो बाय, वर बर्फ दिसला का गिऱ्हाईक बोलतं, मावरा शिला हाय. मंग जातं बाजूवालीकडं. तू तरी घेशील काय बर्फातला?"

पनवेलला समराची अम्मी बर्फातल्या मासळीला दुरूनच नाक मुरडायची आणि लेकीने ती सवय जशीच्या तशी उचलली होती. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊनसुद्धा.

पण शुक्रवारी फेरतपासणी होती. एका जरी ओट्यावर आकडा पाचापुढे गेला, तर परवाना अडणार आणि अख्खा बाजार बंद. समराने ते सगळ्यांना सांगितलं.

"तू टाक पयली," पुतळा शेजारणीला म्हणाली.

"मी काय येडी हाय?"

समरा नळाजवळच्या पायरीवर बसली. "एकीने टाकला तर तिचं गिऱ्हाईक जातं, खरंय. पण चौदाजणींनी एकदम टाकला तर? मग गिऱ्हाईक जाणार कुठे?"

"जुईनगरला!" पुतळा म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

"तिथं तरी कोनाचा मावरा जातो? आपलाच ना? तो पन बर्फातूनच!" जाईबाई म्हणाली. बाजारातली सर्वात वयस्कर तीच, म्हणून तिचा शब्द चाले. "पन कोनी गुपचूप बर्फ काढला तर?"

ते समराने योजलं नव्हतं. जाईबाईनेच तोड काढली. तिच्या आळीत, होडी किनाऱ्याला लागली की गावजेवणासाठी प्रत्येक टोपलीतून एक वाटा काढत. "तसाच करू. जी बर्फ काढंल तिचा एक वाटा आमचा. रांधायचा पन तिनंच."

शुक्रवारी जाईबाईने तराजूचं पारडं वाजवलं आणि लग्नात अक्षता पडाव्यात तसा चौदा ओट्यांवर बर्फाचा चुरा उडाला. थोडा समराच्या कॉलरमध्ये गेला. ती किंचाळली, तर टाळ्या पडल्या.

पहिले आले टोपी घातलेले एक आजोबा. चौदाही ओटे फिरून पुन्हा पहिल्यापाशी. "काय हो, आज सगळ्यांचंच शिळं?"

"आज सगल्यांचाच ताजा!" जाईबाई म्हणाली. आजोबांनी पापलेटचा कल्ला उघडून पाहिला, लालभडक होता. पिशवी पुढे केली.

तासाभरात गर्दी वाढली. पुतळाच्या ओट्यापुढे जरा जास्तच. समराने मान उंचावून पाहिलं. सुरमई कोरडी ठणठणीत, बर्फ ओट्याखाली.

जाईबाई तडक आली आणि बोंबलांचा सर्वात मोठा वाटा उचलून पातेल्यात टाकला.

"अगो मावशी, तो नको गो! बारीक घे!"

"चोरटीला निवडायला मिलत नाय."

पुतळा दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिलाच हसू फुटलं. "हात खाजला माझा, काय करू?" तिने लादी फोडली, सुरमई मानेपर्यंत बर्फात गाडली आणि मागे स्टोव्ह पेटवायला गेली.

समराने तेरा ओटे मोजले. तेराही पाचाच्या आत. कालवणाचा वास सगळीकडे पसरला. तपासणी चालू असताना खायचं नाही, असं तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज अगदीच बारीक निघाला.

"मंग लवकर मोज ना माझा!" पातेलं उतरवत पुतळा ओरडली.

समरा चौदाव्या ओट्यापाशी गेली. बाकीच्या तिच्याभोवती जमल्या. तिने सुरमईवरचा बर्फ बाजूला केला, सुई मधोमध खुपसली आणि आकडा थांबेपर्यंत थांबली.

चार पूर्णांक सहा अंश.