सात नंबरची पोरगी

पुण्याच्या सरांनी आमचा वर्ग कधी नीट पाहिलाच नाही. आठवड्यातून तीन दुपारी ते आम्हाला पडद्यावर दिसायचे आणि आम्ही त्यांना. पण त्यांच्याकडे आमची अख्खी सातवी एका छोट्या चौकटीत दिसायची, आणि त्या चौकटीत एकेक पोरगं नखाएवढं. त्या नखाएवढ्या पोरांना ते गुण द्यायचे. याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही.

दोन हजार तेरा सालची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यात सालेकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावात सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. पुण्याच्या एका संस्थेने शाळेला टीव्ही, कॅमेरा, एक माइक आणि इन्व्हर्टर दिला, आणि सातवीचं गणित माझ्याकडून काढून घेतलं. इतकी वर्षं ते मीच शिकवत होते. आता मी 'सहायक' झाले, म्हणजे पोरांच्या तोंडापुढे माइक धरणारी बाई.

सामानासोबत अपेक्षांचा तक्ताही आला. विद्यार्थ्याने चौकटीत बसावे. आपला नंबर पुकारल्यावरच उठावे. एकट्याने माइकवर येऊन, पूर्ण वाक्यांत, उदाहरणाची पद्धत समजावून सांगावी. निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे या बोलण्याला. आमची पोरं पहिलीपासून एका सुरात 'हो सऽऽर' म्हणत आलेली. एकट्याला उठवलं की मान खाली आणि पायाचा अंगठा जमिनीवर. सर म्हणायचे, "या शाळेत प्रतिसाद कमी आहे." अहो, कमी कुठला? छप्पर उडेल इतका होता, फक्त सगळ्यांचा मिळून होता. पण मिळून दिलेल्या उत्तराला तक्त्यात रकाना नव्हता.

या सगळ्यात खरी अडकली ती दुर्गेश्वरी, रेवाराम पटल्यांची पोरगी, हजेरीत सात नंबर. ज्याला 'अ' श्रेणी मिळेल त्याला संस्था आठवीपासून नागपूरच्या आपल्या शाळेत नेणार होती, राहण्याजेवणासकट. आमच्याकडे सातवीनंतर हायस्कूलला जायचं तर जंगलातून सायकल मारावी लागते, आणि पोरींच्या सायकली दर पावसाळ्यात एकेक करून घरी थांबतात. दुर्गेश्वरीच्या मोठ्या बहिणीची अशीच थांबली होती. दुर्गेश्वरीला थांबायचं नव्हतं. लेखीत तिचं एक उदाहरण चुकत नसे. माइकपुढे मात्र दातखीळ बसायची. जूनपासून ती पुण्याच्या सरांशी एक शब्द बोलली नव्हती. आता दिवाळीनंतर निवडीची जी तोंडी परीक्षा होती, तीत बोलली तरच 'अ', नाहीतर नाही.

मग आम्ही दोघी शाळा सुटल्यावर बंद टीव्हीपुढे सराव करायचो. माइकच्या जागी हातात डस्टर.

"बारा बाया पाच दिवसांत धानाची रोवणी करतात. पंधरा बाया आल्या तर?" मी विचारायची.

"चार दिवस."

"उत्तर नको, पद्धत सांग."

"मॅडम, उत्तर बरोबर हाय त मंग पद्धत कायले सांगाव?"

"त्यांना ऐकायची आहे म्हणून."

"बाया वाढल्या का दिवस कमती होतेत, एवढंच त हाय!" ती चिडायची. मीही चिडायची. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती डस्टर घट्ट धरून, टीव्हीच्या काळ्या काचेत बघत, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत धडाधड बोलायला लागली. कधी पुस्तकी बोले, कधी आपली बोली मध्येच घुसे. बोलत होती हे काय कमी होतं!

आणि परीक्षेची तारीख आली. नेमकी आमच्या मंडईच्या दिवशी.

दिवाळी झाली की आमच्या भागात प्रत्येक गाव आपापली मंडई, म्हणजे जत्रा, भरवतं. घरोघरी पाहुणे, दिवसा ढोलकीवर नाचगाण्याची दंडार, रात्री नाटक, दुकानं, पाळणे. त्या दिवशी गावात शाळा नावाची गोष्ट नसते. मी पुण्याला दोनदा लिहिलं, फोनही केला. सर सज्जन माणूस, आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, "मॅडम, चाळीस शाळांचं वेळापत्रक आहे. एका गावाच्या जत्रेसाठी कसं हलवणार?" मी फोन आपटला. मोबाइल होता, त्यामुळे हळूच आपटावा लागला.

मंडईच्या दिवशी वर्गात मोजकी पोरं आली. दुर्गेश्वरी नव्हतीच. आमचे हेडमास्तर केशोराव घामाघूम. "चौकट रिकामी दिसली त टीव्ही वापस नेतील ते," म्हणत व्हरांड्यात येरझारा घालत होते. मी त्यांना तसंच सोडलं आणि पटल्यांच्या घरी धावले.

अंगणात खाटा टाकलेल्या, पाहुण्यांनी भरलेल्या. दुर्गेश्वरी नवा ड्रेस घालून प्रत्येकाला पाय धुवायला पाणी देत होती. डोळे लाल.

"रामकलीबाई, हिची परीक्षा आहे," मी तिच्या आईला म्हटलं.

"पाहुने दारात आले आन घरची पोरगी शाळेत? लोक का म्हनतीन, मॅडम?"

"तिच्या नागपूरचं काय?"

"गोंदियावरून माही बहीन आली, पोरीले घेऊन. त्याइले पानी कोन देईन?"

मी खूप बोलले, नको तितकं बोलले. शेवटी रेवाराम खाटेवरून उठले, पोरीच्या हातातला लोटा आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "जाय व तू. मी देतो पानी." पाहुणे बघत राहिले. आम्ही दोघी पळत सुटलो.

शाळेच्या दारात पोहोचलो तर वर्ग गच्च भरलेला! मला आधी कळेचना. मग चेहरे दिसले. केशोरावांनी मंडईतली पाहुण्यांची पोरं गोळा करून, हातात चिवड्याच्या पुड्या देऊन, रिकाम्या जागांवर बसवली होती. पाहुण्यांच्या पोरांना त्या दिवशी काम नसतं ना, ती मोकळीच. आणि सात नंबरच्या जागी, माइक हातात घेऊन उभी होती रविता. दुर्गेश्वरीची गोंदियाची मावसबहीण. जिच्या आईला पाणी द्यायला दुर्गेश्वरी घरी अडकली होती, तीच.

"मी दुर्गेश्वरी पटले," रविता खणखणीत आवाजात म्हणाली. गोंदियात ट्यूशनला जाणारी पोरगी, तिला कसली भीती? "सर, मजुरांची संख्या वाढली की लागणारे दिवस त्याच प्रमाणात कमी होतात. म्हणून हे व्यस्त प्रमाण आहे." पुढची पायरी, त्यापुढची, उत्तर. सगळं पूर्ण वाक्यांत.

पडद्यावर सरांचा चेहरा फुलला. "शाबास दुर्गेश्वरी! जूनपासून मी याचीच वाट बघत होतो. पूर्ण गुण."

माझ्या शेजारी दुर्गेश्वरी धापा टाकत होती. केशोराव माझ्या कानाशी आले. "झालं ना काम? भेटली ना 'अ'? आता चूप राहा, मॅडम. पाहुने का परके होत का?" त्यांना त्यात खरंच काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

मी काही बोलायच्या आत दुर्गेश्वरी पुढे गेली आणि तिने रविताच्या हातातून माइक घेतला.

"सर, मी दुर्गेश्वरी."

"हो बाळ, तुझं झालं. आता आठ नंबर."

"सर, मले सांगाचं हाय. बारा बाया पाच दिवसांत..."

"अगं, माहीत आहे मला, तुला येतं ते! आत्ताच तर सांगितलंस. दुसऱ्यांना संधी दे. बस बरं खाली."

इतके महिने मुकी राहिलेली पोरगी शेवटी बोलली, तर तिला गप्प बसायला सांगितलं. मी धावत जाऊन माइक ओढला. "सर, ही वेगळी आहे, ती वेगळी," असं ओरडलेही. पण केशोरावांनी तोवर माइकचं मागचं बटन बंद केलं होतं. सरांनी कानावर बोटं ठेवली, आवाज येत नाही अशी खूण केली, आणि पडद्यावर दुसरीच कुठली तरी शाळा आली. तिथली पोरं चौकटीत सरळ रांगेत बसली होती.

पाहुण्यांची पोरं हसत दंडार बघायला पळाली. रविता जाताना म्हणाली, "तेरा तो काम हो गया ना! मुँह क्यों फुला रही है?" तिचंही काय चुकलं? तिला वाटलं, पाहुणचाराची परतफेड झाली.

वर्गात आम्ही दोघीच उरलो. दुर्गेश्वरी रडत होती. मला हुंदका आला, पण रागाचा.

"हे बघ," मी म्हटलं, "आत्ता गप्प बसलो तर तू नागपूरला जाशील. फोन करून खरं सांगितलं तर कदाचित सगळ्या शाळेचीच परीक्षा रद्द होईल. तुझं नागपूर गेलं तर मी काही करू शकणार नाही. मी तुला शिकवण द्यायला बसले नाही. तू सांगशील तसं."

तिने नव्या ओढणीने नाक पुसलं. बाहेर ढोलकी सुरू झाली होती.

"त्याइनं रवितालेच पास केलं ना, मॅडम?"

"हो."

"मंग नागपूरले कोन चाललं? मी का रविता?"

तिने माझ्या मोबाइलकडे बोट केलं.

"लावा फोन," ती म्हणाली.

मी नंबर लावला. तिकडून तोच शांत आवाज आला, "बोला मॅडम." दुर्गेश्वरीने मोबाइल माझ्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"सर, तुमी जिले पूर्न गुन देले ते माही बहीन होय. मी दुर्गेश्वरी. तुमी मले पायलं नाई अजून. आता माहं आयका."

"हॅलो? कोण? कोण बोलतंय?" सर विचारत राहिले.

ती थांबली नाही. पहिल्या पायरीपासून सांगायला लागली.