वहिनीच्या चपला

दवाखान्याच्या मागे एक खोली आहे. दर बुधवारी तिथे सिस्टर आमच्या वयाच्या मुलामुलींना भेटते. नाव विचारत नाही, वहीत लिहीत नाही, कुणाला सांगत नाही. फक्त चपला बाहेर काढायच्या, कारण फरशी नुकतीच पुसलेली असते. हा नियम करणारा आमच्या गावचा नसणार. आमच्याकडे माणूस चपलांवरूनही ओळखतात, आणि त्या खोलीसमोरच पिठाची गिरणी आहे.

माझी पाळी एकवीस दिवस लांबली होती. मी सतरा वर्षांची. भीती वाटायला हवी होती, पण दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात तसं आतून झालं होतं. तरी मी डोकं चालवलं. वहिनीच्या चपला घातल्या. तपकिरी, डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याचा टाका. लग्न झालेल्या बाईच्या चपला तिथे दिसल्या तर कोण कशाला बघतंय? अतिशहाणीच मी.

सिस्टरने तपासलं. पट्टीवर एकच रेघ आली.

"दिवस गेलेले नाहीत. ताणानेही पाळी लांबते. पुढच्या बुधवारी पुन्हा बघू," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "जे झालं, ते तुला हवं होतं का?"

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिले. "नाही म्हटलं असतं तर तो चिडला असता."

"तो चिडो नाहीतर डोक्यावर उभा राहो. मी तुझं विचारतेय." तिने पट्टी कागदात गुंडाळली. "घाई नाही. बुधवारी सांग."

मी मागच्या दाराने घरात शिरले. वहिनी भांडी घासत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पातेलं घासायला लागली.

तेवढ्यात आई कामावरून आली, ती हसतच. गिरणीवालीने तिला वाटेतच गाठलं होतं. चपला बघून त्या बाईने सुतावरून स्वर्ग गाठला होता. वहिनीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि अख्खं गाव त्याच बातमीच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं. हे मला कसं सुचलं नाही?

"अगं, दवाखान्यात जाऊन आलीस, सांगायचं नाही का?" आईने वहिनीचा हात धरला. "काय म्हणाली सिस्टर?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जेमतेम नकाराची मान हलवली.

"नाही म्हणाली, आई." दर महिन्याला सांगते, त्याच आवाजात.

आईने हात सोडला. "बरं. भांडी आटप."

मी सुटले होते, आणि मला काहीच वाटत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी ओल्या फडक्याने चपला पुसत बसली.

"परत जायचंय?"

"बुधवारी."

"मग ह्याच घाल." तिने त्या माझ्याकडे सरकवल्या. "माझं 'नाही' ऐकायची सवय आहे सगळ्यांना."

तेव्हा कुठे मला रडू आलं. असं आलं की थांबेना. वहिनी फडकं हातात धरून शेजारी बसून राहिली.

बुधवारी मी माझ्याच चपला घालून गेले. गिरणीवाली दळण सोडून दारात आली. मी चपला नीट जोडून ठेवल्या, आत जाऊन बसले आणि सिस्टरने काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मला ते नको होतं."