एकशे तेराव्या पानापासून

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. तशी मला छापून नऊच वर्षे झाली. पण माणसांच्या हातात फार राहिल्यामुळे माझे कोपरे गोल झाले आहेत आणि पानांना औषधांचा थोडा वास लागला आहे. माझी पाने दोनशे चोवीस. नाव ‘सावल्यांची फाइल’.

नागपूरच्या एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. मोठ्या कागदावर सोळा-सोळा पाने छापून घडी घातली, म्हणजे त्याला फर्मा म्हणतात. असे माझे चौदा फर्मे. हल्ली पुष्कळ पुस्तके नुसती डिंकाने चिकटवतात. त्या छापखान्याचे मालक जुन्या वळणाचे होते. त्यांनी माझे फर्मे दोऱ्याने शिवून घेतले. त्या दोऱ्याने पुढे काय काय केले, तीच माझी गोष्ट.

माझ्या पोटातली कथा अशी आहे. एका गावातल्या सगळ्या माणसांच्या सावल्या एका सकाळी चोरीला जातात. लोक तहसील कचेरीत तक्रार घेऊन धावतात, तर कारकून म्हणतो, अर्जाला सावलीचा पासपोर्ट साइज फोटो जोडा. तपास करतात एक निवृत्त तहसीलदार आणि त्यांच्या मदतीला असते एक हडळ. ही हडळ अमावास्येची किरकोळ रजा मागते, कारण त्याच दिवशी सगळे तिच्याकडून जास्त कामाची अपेक्षा ठेवतात. चोर कोण, हे मी इथे सांगणार नाही. तो माझा धर्म नव्हे.

मला विकत घेतले रितिकाने. ती मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी करते. स्वतः ती सगळे फोनवरच वाचते. मला तिने घेतले ते आईसाठी. तिची आई शामलाबाई कुहीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांची किडनी निकामी झाली, तेव्हापासून त्या लेकीकडे नागपूरला राहू लागल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांचे डायलिसिस असे. चार-चार तास डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा. त्या मोकळ्या हातात मी.

शामलाबाईंनी आधी मला खाकी कव्हर घातले. त्या पानाचा कोपरा कधी दुमडत नसत, मला पालथे ठेवत नसत. शाळेतल्या मुलांनाही त्यांनी हेच शिकवले होते. पण हडळीच्या रजेचा अर्ज वाचताना त्या इतक्या हसल्या, की डावा हात हलला आणि मशीन टीं टीं करू लागले. टेक्निशियन अंकित धावत आला.

“मॅडम, हात हलवू नका ना!”

शेजारच्या पलंगावर चंद्रभान नावाचे गृहस्थ होते. साठी उलटलेली, राहणारे खाप्याचे. ते आजवर कोणाशी बोलले नव्हते. त्यांनी मान वळवली.

“काहून हासून राहिल्या, बाई? इथं काय हासाचं आहे?”

शामलाबाईंनी तो अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. चंद्रभानचा चेहरा जरा वेळ तसाच राहिला, मग त्यांचेही मशीन वाजले. अंकितने दोघांकडे पाहिले आणि दोन्ही मशीनचे आवाज बंद केले.

त्या दिवसापासून चंद्रभानला पुढचे कळल्याशिवाय चैन पडेना. शामलाबाईंनाही माझा पुढचा भाग हातातून सोडवेना. न्यायला आलेली रितिका म्हणाली, “काका, फोनवर घेऊन देते. दोन मिनिटांचं काम आहे.”

तिने घेऊन दिले. पुढच्या मंगळवारी चंद्रभानने फोन उशाखाली सारून दिला.

“नाही जमत वं पोरी. वाचून राहिलो का भावाचा फोन येते. मग अंगठा लागला तं कुठलं पान कुठं जाते. अन् किती वाचलं, किती राहिलं, हाताले समजतच नाही.”

“खाली टक्के दाखवते ना, काका.”

“टक्के मार्काचे असते. पुस्तक हातात तोललं पाहिजे. उजवीकडचा गठ्ठा पातळ झाला, का आपण समजावं, आता चोर जवळ आहे.”

यावर शामलाबाई हसल्या, या वेळी जपून.

मग चंद्रभानने मला मागून घेतले. त्यांनी वाचले काहीच नाही. पाठीवरून बोट फिरवले, मधोमध उघडले, दोऱ्याला नख लावून पाहिले. मित्रांनो, मला त्या बोटांची ओळख पटली. माणसाची नाही, कामाची. नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानात या माणसाने तीस वर्षे बाइंडिंग केले होते.

“शिवलेलं आहे. सात फर्मे इकडं, सात तिकडं. एकशे बारा पानं मले द्या, एकशे तेरापासून तुम्ही वाचा.”

“म्हणजे फाडायचं?” शामलाबाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला.

“फाडाचं नाही, बाई. खोलाचं. वाचून झालं का मीच शिवून देतो. जबान आहे माही.”

शामलाबाईंनी एक आठवडा विचार केला. शुक्रवारी त्यांनी स्वतःच कव्हर काढून मला त्यांच्यापुढे ठेवले. मशीनला जोडण्याआधी बाहेरच्या बाकावर चंद्रभानने ब्लेडने माझी पाठ उघडली आणि सातव्या-आठव्या फर्म्यांमधला दोरा कापला. एकही अक्षर दुखावले नाही. तरी शामलाबाईंनी तेवढा वेळ तोंड फिरवले होते.

पुढचे काही दिवस मी दोन ठिकाणी होतो. माझा पूर्वार्ध बसने खाप्याला गेला. तिथे चंद्रभान ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत. उत्तरार्ध शामलाबाईंनी दोन आठवड्यांत संपवला. चंद्रभान दर वेळी बजावत, “चोर सांगाचा नाही हं.” आणि शामलाबाई मुद्दाम गंभीर चेहरा करून गप्प बसत.

मग एका शुक्रवारी चंद्रभानचा पलंग रिकामा राहिला.

त्यांचा मुलगा सौरव बाकाशी आला. त्याच्या हातात माझा पूर्वार्ध होता.

“बाबाले ताप भरला. इन्फेक्शन आहे म्हणते. वर दाखल केलं. हे वाचून झालं, म्हणाले, बाकीचं मागून आण.”

शामलाबाईंचे चार तास पूर्ण झाले. डायलिसिसनंतर त्यांना चक्कर येत असे. त्या दिवशी रितिकाचा हात धरून त्या दोन मजले वर गेल्या. भेटीची वेळ पंधरा मिनिटे. चंद्रभानला मी पेलवेना. त्यांनी डोळे उघडून मला पाहिले.

“शेवटचं पानच वाचा, बाई. टाइम नाही माह्याजवळ.”

रितिकाने आईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते. शामलाबाईंनी चष्मा पुसला.

“मधली पानं गाळून मी कोणाला शिकवलं नाही,” त्या म्हणाल्या. “एकशे तेरा. ऐका.”

त्या रोज येऊ लागल्या. डायलिसिस नसेल त्या दिवशी ऑटो करून. पंधरा मिनिटांत आठ-नऊ पाने होत. पहिले तीन दिवस चंद्रभान नुसते पडून ऐकत. ऐकतात की नाही, हेही कळत नसे. चौथ्या दिवशी त्यांनी अडवले.

“थांबा. हा सावकाराचा नोकर खोटं बोलून राहिला. मागं त्यानं म्हटलं होतं, मी गावात नव्हतो.”

सौरव दाराशी उभा होता. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अकराव्या दिवशी दोनशे आठवे पान आले. तोवर चंद्रभान उठून बसू लागले होते. डॉक्टर म्हणाले, औषधे लागू पडली. तेच खरे असणार. मी श्रेय घेत नाही. शेवटचा फर्मा शामलाबाईंनी वाचून दाखवला नाही. चंद्रभानच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “हा तुमचा तुम्ही वाचा.”

ते बरे होऊन पुन्हा शेजारच्या पलंगावर आले, ते भांडतच. त्यांच्या मते लेखकाने वाचकाला फसवले होते. शामलाबाईंच्या मते खूण एकशे चाळिसाव्या पानावर स्पष्ट होती. हा वाद महिनाभर चालला. अंकितने कंटाळून स्वतः मला वाचले आणि चंद्रभानच्या बाजूने मत दिले.

शिवायचे मात्र राहिले होते. चंद्रभानने सुई, दोरा, मेण, सगळे आणले. पण आजाराने त्यांची बोटे बधिर झाली होती. सुई हातात आहे की पडली, हे त्यांना बघावे लागे. तीनदा प्रयत्न करून त्यांनी सुई बाकावर ठेवली.

“इकडे द्या,” शामलाबाई म्हणाल्या. “तुम्ही सांगा, मी शिवते.”

“तुम्ही? तुम्ही तं कोपराही मुडपत नाही.”

“म्हणून तर सांगा.”

ते सांगत गेले. दोरा मेणावरून ओढा. सुई घडीच्या नेमक्या मधून घाला. ताण द्या, पण कागद कापला जाईल इतका नको. दोन वेळा उसवावे लागले. आत बोलावेपर्यंत काम झाले. पूर्वार्धाला उत्तरार्ध जोडला गेला.

चंद्रभान गेल्या मार्चमध्ये वारले. आदल्या मंगळवारी त्यांनी शामलाबाईंना नवीन पुस्तक कोणते आणणार, एवढेच विचारले होते. शामलाबाई अजून आठवड्यातून दोनदा जातात. मशीनला जोडण्याआधी त्या बाकावर बसून लोकांची सुटलेली पुस्तके शिवतात. कोणाच्या मुलाचा अॅटलास, कोणाची पोथी. रितिका त्यांच्यासाठी दोऱ्याची रिळे आणते. मी तिथल्या खिडकीत असतो. ज्याला हवा तो नेतो.

तर मित्रांनो, मला जपायचे म्हणून काचेच्या कपाटात ठेवू नका. न्या, वाचा, मोठ्याने हसा. शिवण उसवली तर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. सुई घ्या, येत नसेल तर कोणाकडून तरी शिका. टाका वाकडा आला तरी चालेल. पान मात्र गळू देऊ नका. कोणीतरी नुकताच तिथवर पोचलेला असतो.